जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवताना

पाच-सात वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप सुरू व्हायला चार-पाच मिनिटे लावू लागला, एखादी फाईल उघडताना पंखा घरघरू लागला आणि पडद्यावरचे निळे वर्तुळ फिरतच राहिले, की बहुतेक घरांत 'हा आता गेला' असे म्हणून नव्या लॅपटॉपची चौकशी सुरू होते. प्रत्यक्षात अशा बऱ्याच लॅपटॉपांचा प्रोसेसर ठीक असतो, रॅमही रोजच्या कामापुरती असते; गाडी अडते ती आतल्या फिरत्या हार्डडिस्कपाशी. ती डिस्क काढून त्या जागी एसएसडी, म्हणजे फिरत्या चकत्यांऐवजी चिपांवर मजकूर साठवणारी डिस्क, बसवली, तर तेच यंत्र कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, ऑनलाइन वर्गांसाठी किंवा घरच्या हिशेबासाठी आणखी काही वर्षे नीट चालते. हे काम आजवर कधीच हातात न घेतलेल्या वाचकांसाठी हा लेख आहे.

कामाचा क्रम सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण माझ्या पाहण्यात बहुतेक नुकसान क्रम चुकल्यामुळेच झालेले आहे. आधी दुखणे नेमके कुठे आहे ते पाहायचे, मग असलेल्या सगळ्या फाइलींची प्रत काढायची आणि ती प्रत उघडते याची खात्री झाल्यावरच खरेदीला निघायचे. स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायची वेळ बरीच उशिरा येते.

दुखणे डिस्कचेच आहे का?

विंडोज असलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील 'परफॉर्मन्स' या भागात डाव्या बाजूला 'डिस्क ०' अशी नोंद दिसते आणि तिच्याखाली ती डिस्क 'एचडीडी' (म्हणजे हार्डडिस्क) आहे की 'एसएसडी' हेही लिहिलेले असते. लॅपटॉप सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटे तिथला डिस्कच्या वापराचा टक्का नुसता पाहत बसावे. डिस्कचा वापर १०० टक्क्यांना चिकटून आहे, पण वाचन-लेखनाचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी इतकाच दिसतो आहे, असे असेल तर दुखणे सापडले म्हणून समजावे.

वापर पूर्ण आणि वेग नगण्य, हे वरवर विसंगत वाटते. त्याचे कारण डिस्कच्या रचनेत आहे. हार्डडिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या चकत्या असतात आणि लॅपटॉपमधल्या बहुतेक डिस्कमध्ये त्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, आणि हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, थांबावे लागते. शिवाय ते टोक धरणारा हात योग्य वर्तुळावर सरकायला वेळ लागतो तो वेगळाच. या हिशेबाने विखुरलेल्या जागी ठेवलेल्या बारीक फाइली वाचताना डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक ठिकाणी पोहोचते. विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच हजारो बारीक फाइली लागतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, तिथे फ्लॅश मेमरीच्या चिपा असतात. त्यामुळे साधी एसएसडीदेखील सेकंदाला हजारो ठिकाणी वाचून मोकळी होते. एसएसडीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग एकसलग मोठ्या फाइलीचा असतो. लॅपटॉप 'हलका' वाटतो तो मात्र या विखुरलेल्या वाचनामुळे.

टास्क मॅनेजरमध्ये आधीच 'एसएसडी' लिहिलेले असेल, तर हा खर्च करू नये. रॅम ४ जीबी असेल तर आधी ती वाढवावी, आणि डिस्क काठोकाठ भरली असेल तर ती मोकळी करावी.

आणखी एक गोष्ट खर्चापूर्वी तपासावी. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. एसएसडी बसवल्याने ही अट पूर्ण होत नाही. लॅपटॉप त्याहून जुना असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंटसारखी प्रणाली टाकण्याचा विचार करावा. एसएसडीवर ती उत्तम चालते आणि पत्रव्यवहार, अभ्यास, व्हिडिओ यांसाठी पुरेशी ठरते.

आधी प्रत

माझ्या मामांनी निवृत्तीनंतर पेठेतल्या आपल्या गणेश मंडळाचे जुने अहवाल, जमाखर्चाच्या वह्या आणि छायाचित्रे स्कॅन करायचे काम तीन वर्षे केले. स्कॅन झालेले कागद घरात जागा नाही म्हणून टप्प्याटप्प्याने रद्दीत गेले. एके दिवशी लॅपटॉपमधून टक्… टक्… असा ठरावीक अंतराने आवाज येऊ लागला आणि विंडोज सुरू होईना. मामा तो जवळच्या एका दुकानात घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलाने 'विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारून देतो' असे सांगितले, मामांनी 'बरं' म्हटले, आणि संध्याकाळी रिकामा लॅपटॉप परत आला. नंतर डेटा रिकव्हरीसाठी बराच खर्च करून काही छायाचित्रे मिळाली. पण वह्यांची पाने ज्या भागात होती त्यावर नवे विंडोज लिहिले गेले होते. त्या काउंटरवर 'आतला डेटा हवा आहे' ही चार शब्दांची सूचना दिली गेली असती तर पुढचे टळले असते. म्हणून दुकानात लॅपटॉप देताना ही सूचना तोंडी तर द्यावीच, पण पावतीवरही लिहून घ्यावी.

प्रत काढायला बाहेरची हार्डडिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह लागतो. लॅपटॉपच्या निळ्या यूएसबी खाचेत, म्हणजे बहुधा यूएसबी ३ मध्ये, तो लावावा. काळ्या रंगाच्या जुन्या यूएसबी २ खाचेतून प्रत्यक्षात सेकंदाला ३५ ते ४० एमबीच जातात, त्यामुळे ३०० जीबीची प्रत काढायला दोन ते अडीच तास लागतात. निळ्या खाचेतून तेच काम, जुनी डिस्क सेकंदाला १०० एमबी देत असेल तर, तासाभरात आटोपते. बारीक फाइली पुष्कळ असतील तर वेळ वाढतो, तेव्हा घाई करू नये. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे चार फोल्डर सगळ्यांना आठवतात. सी ड्राइव्हवर हाताने केलेले फोल्डर, टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि फॉन्टचा फोल्डर हे मात्र हमखास राहून जातात. मराठीत टंकलेखन करणाऱ्यांनी युनिकोड नसलेले जुने फॉन्ट आवर्जून घ्यावेत. ते हरवले की जुन्या फाइली उघडतात, पण वाचता येत नाहीत.

प्रत झाल्यावर ती दुसऱ्या संगणकावर लावून चार-पाच फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. ज्या फाइलींवाचून चालणारच नाही त्यांची दुसरी प्रत घराबाहेर, नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर, ठेवावी. पुण्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पेठांमधल्या घरांतली कपाटेच्या कपाटे कागदांसकट गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याचे आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचे पाणी घरांत शिरले. लॅपटॉप आणि त्याची प्रत एकाच टेबलाच्या खणात असेल, तर पाण्याच्या दृष्टीने ती एकच वस्तू आहे.

याच टप्प्यावर जुन्या डिस्कची प्रकृती पाहून घ्यावी. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कने स्वतः ठेवलेल्या नोंदी दाखवते. त्यात क्रमांक ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींच्या शेवटच्या रकान्यात शून्यापेक्षा मोठा आकडा असेल, तर चकतीवरचे काही भाग निकामी झाले आहेत किंवा होत आहेत. असे दिसल्यास आधी सर्वांत महत्त्वाचा फोल्डर उतरवावा, मग बाकीचे. डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये, दुरुस्तीची कोणतीही आज्ञा चालवू नये आणि ती उघडण्याचा तर विचारही करू नये. वाचणारे टोक चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते आणि धुळीचा एक कण त्यापुढे दगडासारखा ठरतो. त्या अवस्थेत डिस्क बंद ठेवून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे नेणे, हेच शहाणपणाचे.

कोणती एसएसडी बसेल?

लॅपटॉपांत मुख्यतः तीन प्रकार भेटतात. साटा आणि एनव्हीएमई ही डिस्क लॅपटॉपशी जोडण्याच्या दोन पद्धतींची नावे आहेत, आणि एम.२ हे पट्टीच्या आकाराचे. पहिला अडीच इंची साटा. तो जुन्या हार्डडिस्कच्याच आकाराचा असतो आणि तिच्याच जागी बसतो. दुसरा एम.२ साटा आणि तिसरा एम.२ एनव्हीएमई, हे दोन्ही च्युइंगमच्या पट्टीसारखे दिसतात आणि नेमका इथेच घोटाळा होतो. दिसायला सारखे असले तरी फक्त साटा चालणाऱ्या खाचेत एनव्हीएमई चालत नाही. पट्टीच्या सोनेरी टोकाला दोन कापे असतील तर ती बहुधा साटा असते, एकच काप असेल तर बहुधा एनव्हीएमई. तरीही डोळ्यांवर विसंबून न राहता लॅपटॉपच्या तळाशी लिहिलेला मॉडेल क्रमांक घेऊन उत्पादकाच्या संकेतस्थळावरची माहितीपुस्तिका पाहावी. '२२८०' हा आकडा म्हणजे २२ मिलिमीटर रुंदी आणि ८० मिलिमीटर लांबी. काही लहान लॅपटॉपांत २२४२ किंवा २२३० इतकीच जागा असते.

अडीच इंची एसएसडीची जाडी ७ मिलिमीटर असते. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर नवी सैल बसते; त्यासाठी मिळणारी प्लॅस्टिकची चौकट लावावी.

वेगाच्या मागे फार धावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी देते, पीसीआयई ३ ची (पीसीआयई हा एनव्हीएमईचा जोडमार्ग, पुढचा आकडा त्याची पिढी) एनव्हीएमई सुमारे ३५००, पीसीआयई ४ ची सुमारे ७०००, आणि पीसीआयई ५ च्या वरच्या श्रेणीतल्या ड्राइव्हांवर १४००० च्या आसपासचा आकडा छापलेला असतो. पण हार्डडिस्कवरून साटा एसएसडीवर येताना जो फरक जाणवतो, त्याच्या तुलनेत पुढच्या प्रत्येक पायरीचा फरक रोजच्या कामात फारच कमी जाणवतो. जुन्या लॅपटॉपला साटाची जागा असेल तर साटा घ्यावी आणि हळहळ करू नये. व्हिडिओ संपादन करणाऱ्यांचा हिशेब निराळा.

खरेदी

क्षमता ठरवताना सध्याच्या वापराच्या दीडपट तरी घ्यावी. ५०० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४६५ जीबी आणि १ टीबीची ९३१ जीबी दिसते, त्यात फसवणूक नाही. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, इतकाच फरक आहे.

खोक्यावर किंवा संकेतस्थळावर 'टीएलसी' की 'क्यूएलसी' आहे ते पाहावे. टीएलसीमध्ये फ्लॅशच्या एका पेशीत ३ बिट साठवतात, क्यूएलसीमध्ये ४. क्यूएलसी स्वस्त पडते, पण तिच्यावर कमी वेळा लिहिता येते आणि मोठी फाईल लिहिताना काही वेळाने तिचा वेग उतरतो. 'टीबीडब्ल्यू' हा आकडा हमीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहिता येईल ते सांगतो. उदाहरणार्थ, सॅमसंगच्या १ टीबीच्या ८७० इव्होसाठी तो ६०० आहे आणि त्याच क्षमतेच्या क्यूएलसी असलेल्या ८७० क्यूव्होसाठी ३६०. रोज ३० जीबी लिहिले तरी वर्षाला ११ टीबीच होतात, त्यामुळे घरगुती वापरात हा आकडा सहसा गाठला जात नाही. दोहोंच्या किमतीत थोडाच फरक असेल तर टीएलसी घ्यावी.

किमतींविषयी थोडे सांगणे भाग आहे. २०११ मध्ये थायलंडमधल्या पुरात हार्डडिस्कचे कारखाने बुडाले आणि जगभर त्यांचे भाव कडाडले, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. अलीकडच्या भाववाढीचे कारण वेगळे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली, की २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी दोन्ही महागल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. विकलेल्या मालाची हमी मात्र पाळली जाईल असेही सांगितले. त्याआधी फेब्रुवारी २०२५ मध्ये वेस्टर्न डिजिटलमधून फ्लॅशचा व्यवसाय वेगळा होऊन 'सॅनडिस्क' ही स्वतंत्र कंपनी झाली, त्यामुळे हमीसाठी नेमक्या कोणाकडे जायचे हे घेतानाच विचारून ठेवावे. गरज आज असेल तर भाव उतरण्याची वाट पाहत बसू नये. गरज नसेल तर केवळ महागेल या भीतीनेही घेऊ नये.

पुण्यात सुट्या भागांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली प्रसिद्ध आहे. तिथे दोन-तीन दुकानांत भाव विचारावा, दुचाकी लांब लावून चालत जावे, आणि जुनी डिस्क किंवा निदान तिचे छायाचित्र जवळ ठेवावे. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर एसएसडीचा सीरियल क्रमांक लिहून घ्यावा. कच्च्या चिठ्ठीवर हमी मिळत नाही. सीरियल क्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकला की हमी कधीपर्यंत आहे ते दिसते. तेवढे दुकानाबाहेर पडण्यापूर्वी मोबाईलवर पाहून घ्यावे. दुकानदाराला यात वावगे वाटत नाही. वाटलेच, तर दुसरे दुकान शेजारीच असते.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याचे नाव पाहावे. अशक्य वाटावे इतक्या स्वस्तात १६ टीबीची बाहेरची एसएसडी मिळत असेल, तर तिच्या खोक्यात बहुधा एखादे मेमरी कार्ड असते आणि संगणकाला खोटी क्षमता सांगितली जाते. अशा ड्राइव्हवर फाइली चढतात, नावेही दिसतात, पण खरी जागा संपल्यानंतरचा मजकूर कुठेच लिहिला जात नाही.

आणल्यावर लगेच

बसवण्यापूर्वी, शक्य असल्यास यूएसबीला जोडून, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिचे 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे ती आजवर किती तास चालली, पाहावेत. नव्या एसएसडीवर ते शून्य किंवा अगदी थोडे असावेत. हा आकडा म्हणजे अखेरचा पुरावा नव्हे. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत आणि इतरत्र, वापरलेल्या सर्व्हर हार्डडिस्क या नोंदी पुसून नव्या म्हणून विकल्याचे उघड झाले होते. तरीही मोठा आकडा दिसला तर माल परत करायला तेवढे कारण पुरे. बाहेरच्या ड्राइव्हची क्षमता खरी आहे का हे 'एच२टेस्टडब्ल्यू' या छोट्या सॉफ्टवेअरने पडताळता येते; ते ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचते, म्हणून ही चाचणी रिकाम्या ड्राइव्हवरच करावी.

कोरी एसएसडी जोडल्यावर 'धिस पीसी'मध्ये ती दिसत नाही म्हणून नवखे लोक घाबरतात. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून ती इनिशिअलाइज, म्हणजे वापरासाठी तयार, करावी लागते आणि तिथे 'जीपीटी' हा (विभागांची नोंद ठेवण्याच्या पद्धतीचा) पर्याय निवडावा. हाच प्रश्न जुन्या, भरलेल्या डिस्कसाठी विचारला गेला तर उत्तर नेहमी 'नाही' असावे. तिथे दोष डिस्कमध्ये किंवा जोडणीत आहे, आणि होकार देताच आतल्या फाइलींपर्यंतची वाट पुसट होते.

क्लोन की कोरी मांडणी?

क्लोन म्हणजे जुन्या डिस्कचा जसाच्या तसा उतारा: सॉफ्टवेअर, सेटिंग, सगळे जागच्या जागी. त्यासाठी साटा-यूएसबी केबल किंवा केसिंग (डिस्क आत घालून यूएसबीला जोडायची डबी) लागते. बऱ्याच उत्पादकांची स्वतःच्या एसएसडीसाठी मोफत सॉफ्टवेअर असतात आणि ती मोठ्या डिस्कवरून लहान एसएसडीवर, मजकूर मावत असेल तर, आपोआप विभाग आखडून घेतात. 'क्लोनझिला' मोफत आणि भरवशाचे आहे, पण त्यात नवी एसएसडी जुन्या डिस्कहून लहान चालत नाही, आणि स्रोत कोणता व लक्ष्य कोणते हे उलटे निवडले तर कोरी एसएसडी जुन्या डिस्कवर उतरते. प्रत आधी काढायला सांगितली ती या क्षणासाठीच. दोन्ही डिस्कची क्षमता आणि नाव कागदावर लिहून समोर ठेवावे.

क्लोन चालू असताना वीज जाता कामा नये. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा दहा मिनिटेही टिकत नाही, तेव्हा इन्व्हर्टरवर असलेल्या प्लगला लावावे, आणि वळवाच्या दिवसांत हे काम सकाळी करावे.

जुन्या डिस्कवर खराब भाग दिसले असतील, व्हायरसची शंका असेल किंवा लॅपटॉप वर्षानुवर्षे साफ केलेला नसेल, तर मी क्लोन करायला सांगणार नाही. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या 'मीडिया क्रिएशन टूल'ने विंडोज घ्यावे आणि कोरे टाकावे. लॅपटॉपसोबत मिळालेला परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने तो सहसा आपोआप लागू होतो.

दोन्ही मार्गांआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, पाहावे. अनेक लॅपटॉपांत डिस्कचे कूटबंधन मालकाच्या नकळत चालू असते. सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू दिसले तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून कागदावर लिहावी आणि कूटबंधन तात्पुरते थांबवावे. ही की नसेल तर शाबूत डिस्कवरचा मजकूरही कायमचा बंद होतो, आणि त्यावर कोणत्याही दुकानात उपाय नाही.

प्रत्यक्ष बसवणे

हा भाग लोकांना सर्वांत अवघड वाटतो, पण तो वीस मिनिटांचा आहे. लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरी सुटी होणारी असेल तर तीही काढावी. टेबलावर पांढरा पंचा पसरावा. काळे स्क्रू त्यावर चटकन दिसतात आणि घरंगळत नाहीत. कोणता स्क्रू कुठला हे लक्षात राहावे म्हणून लॅपटॉपच्या तळाचे चित्र कागदावर काढून ज्या त्या जागी स्क्रू चिकटपट्टीने लावून ठेवतो, ही माझी जुनी सवय आहे. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर तो वर कीबोर्डपाशी टोचतो, हे एकदा अनुभवले आहे.

तळाचे झाकण नखाने किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाने कडेकडेने उचकावे. आत बॅटरी असेल तर तिची जोडणी आधी सोडवावी. पुण्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत स्वेटर काढताना जी तडतड होते, तीच स्थिर वीज चिपेला मारक ठरू शकते. म्हणून लोकरीचे कपडे घालून हे काम करू नये आणि आत हात घालण्यापूर्वी नळाला किंवा अन्य धातूच्या वस्तूला स्पर्श करावा.

अडीच इंची डिस्क सरळ रेषेत मागे ओढली की सुटते. तिच्या कडेची पत्र्याची चौकट चार स्क्रू काढून एसएसडीला लावावी आणि ती त्याच खाचेत सरकवावी. एम.२ ची पट्टी खाचेत साधारण तीस अंशांच्या कोनात घालावी; आत गेल्यावर तिचे दुसरे टोक आपोआप वर उचललेले राहते, ते बोटाने अलगद दाबून एकच बारीक स्क्रू पिळावा. हा स्क्रू गव्हाच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो आणि पुष्कळ लॅपटॉपांत रिकाम्या खाचेसोबत तो दिलेलाच नसतो, तेव्हा एसएसडी घेतानाच दुकानातून दोन मागून घ्यावेत.

सुरू झाल्यावर

नवी एसएसडी दिसत नसेल तर आधी जोडणी पुन्हा नीट बसवावी. विंडोज टाकताना इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत ड्राइव्हची यादी रिकामी येते. तिथे बायोसमधली (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावरची) 'व्हीएमडी' ही डिस्कच्या जोडणीची सेटिंग बंद करावी किंवा लॅपटॉप उत्पादकाचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा. आधीपासून चालू असलेल्या विंडोजखाली ही सेटिंग बदलू नये, कारण मग ते सुरूच होत नाही.

एसएसडी डिफ्रॅगमेंट करू नये, म्हणजे विखुरलेल्या फाइली सलग लावण्याचे सॉफ्टवेअर तिच्यावर चालवू नये. विंडोज तिच्यासाठी दर आठवड्याला 'ऑप्टिमाइझ' या नावाखाली ट्रिम चालवते, ते तसेच चालू द्यावे. ट्रिममुळे एसएसडीला पुसलेल्या जागा कळतात आणि तिचा वेग टिकतो. पण त्याच कारणाने एसएसडीवरून पुसलेली फाईल परत मिळण्याची आशा जवळजवळ नसते. हार्डडिस्कवर 'चुकून डिलीट झाले' याला काही वेळा उपाय असे, इथे तो नाही. दहा ते वीस टक्के जागा मोकळी ठेवावी.

ऑगस्ट २०२५ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटमुळे एसएसडी मरतात अशी बातमी सगळीकडे फिरली. मायक्रोसॉफ्टला आपल्या तपासात तसा संबंध आढळला नाही, आणि एसएसडीचा कारभार पाहणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, बनवणाऱ्या फायसनलाही हजारो तासांच्या चाचण्यांत तो दोष उत्पन्न करता आला नाही. अशा बातमीने घाबरून अपडेट कायमचे बंद करून टाकणे अधिक धोक्याचे आहे.

जुन्या डिस्कचे काय करावे?

निदान महिनाभर तिला हात लावू नये. काय उतरवायचे राहिले ते साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आठवते. त्यानंतर ती निरोगी असेल तर केसिंगमध्ये घालून बॅकअपसाठी वापरावी. फॉरमॅट करताना विंडोज आणि मॅक दोन्हीकडे लागणार असेल तर 'एक्सफॅट' निवडावे. 'फॅट३२' मध्ये ४ जीबीहून मोठी फाईल मावत नाही. बॅकअप कपाटात ठेवायचा असेल तर हार्डडिस्कच बरी, कारण एसएसडीतला विद्युतभार वीज न मिळाल्यास हळूहळू ओसरतो. घरगुती एसएसडीसाठीच्या मानकात, लेखनाची मर्यादा पूर्ण वापरून झाल्यावर ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष मजकूर टिकावा, इतकीच अपेक्षा आहे. नव्या एसएसडीत तो याहून पुष्कळ अधिक टिकतो, तरी सहा महिन्यांतून एकदा ती जोडून पाहावी. केसिंगवर शेवटच्या बॅकअपची तारीख पेन्सिलीने लिहावी.

डिस्क खराब असेल किंवा विकायची असेल तर 'क्विक फॉरमॅट' वरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावा; त्यात हार्डडिस्कच्या संपूर्ण जागेवर शून्ये लिहिली जातात आणि मोठ्या डिस्कला काही तास लागतात. एसएसडीसाठी उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधला 'सिक्युअर इरेज' वापरावा. सुरूच न होणारी डिस्क भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नये. आतल्या चकत्यांवर आधार कार्डाचे स्कॅन, बँकेची विवरणे आणि घरचे फोटो अजून जसेच्या तसे असतात, म्हणून तिच्यात ड्रिलने आरपार दोन भोके पाडून घ्यावीत आणि मगच ती ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे द्यावी.